टेस्टचे फोटो

दत्तू, त्यांनी तुला कोट घातला.

निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय. दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठी मांडवाच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स बांधला होता, त्यावर. चेहरा आधार कार्डावरून उचललेला आणि छातीचा भाग फ्लेक्सवाल्याने कुठूनतरी आणून खाली जोडलेला. मान आणि कॉलर यांच्यामध्ये एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. तुझ्या नजरेतून ती सुटली नसती. दशक्रियेची भाषणं चालली होती, एकामागून एक पुढारी उठून तू किती मनमिळाऊ होतास ते सांगत होते, आणि मी त्या रेघेकडे बघत बसले होते. अर्ध्या तालुक्याची लग्नं तू कॅमेऱ्यात भरलीस, आणि तुझा चेहरा मात्र कार्डावरून कापून घ्यावा लागला. त्यात माझा हात होता. हे कोणाला माहीत नव्हतं. ते सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे.

आज सोळा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. तक्रार करत नाही, आहे तसं सांगते. सकाळी उठते, दूध तापवते, पिण्याचं पाणी भरते, पेपर वाचते. वाचलेलं काहीच आठवत नाही, म्हणून दुपारी तोच पेपर पुन्हा वाचते. शाळेत शिकवत होते तेव्हा कोणी गेलं की शोकसभेचं भाषण मी लिहून द्यायचे, हवं तर इंग्रजीत, हवं तर मराठीत. तुझ्याबद्दल बोलायला मला कोणी सांगितलं नाही, हे बरं झालं.

लिहिते तुला, पण वाचणार आहेत इरा आणि नील, माझी कॅनडातली नातवंडं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे. वैतागू नकोस. तू गेलास हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा इरा म्हणाली, "ते कोळीवाले काका?" मी हो म्हटलं. मग नीलने विचारलं, "मग आता कोळी कोण दाखवणार?"

सुरुवात इरामुळेच झाली होती. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं, आजी, आपल्या शेतात कोणकोणते किडे आहेत? मी मोबाईलने काढून पाठवले. तिने कळवलं की सगळे डाग दिसतात. मग माझ्या मुलाने त्याचा जुना कॅमेरा पाठवला, बरोबर मॅक्रो लेन्स. मुंगीएवढी वस्तू चेहऱ्याएवढी दिसावी अशी ती लेन्स. पण इतक्या जवळ गेलं की फोकस नखाच्या जाडीएवढा उरतो. तो वाढवायला कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करावं लागतं. छिद्र बारीक केलं की आत उजेड पोचत नाही. आमच्या पिंपळवंडीच्या भर दुपारच्या उन्हातही माझे फोटो काळे यायचे, नाहीतर वाऱ्याने हललेले. उपाय एकच होता, फ्लॅश. कोणता घ्यावा यावर मी इंग्रजीतले लांबलचक लेख वाचले, टिपणं काढली, दोन रकान्यांत फायदे-तोटे मांडले आणि रिंग फ्लॅश मागवला. लेन्सच्या तोंडाभोवती गोल बसणारा. लेखात लिहिलं होतं की मॅक्रोसाठी हाच सर्वांत सोयीचा.

त्याने काढलेला पहिला फोटो बघून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय चुकलं ते कळेना. म्हणून वही घेऊन मी आळेफाट्याला तुझ्या स्टुडिओत आले. तू पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसून मोबाईल बघत होतास. वय बावन्न, केस अर्धे पांढरे, आणि मला बघून दहावीतल्यासारखा ताडकन उठलास. खांद्यावरच्या रुमालाने स्टूल पुसलंस.

"बसा बाई. पासपोर्ट का?"

"नाही. कोळी."

"कसला कोळी?"

"टोमॅटोच्या पानावरचा. उड्या मारतो तो."

तू माझ्याकडे नीट बघितलंस. "बाई, बरं हाये ना सगळं?"

मी कॅमेरा पुढे केला. फोटो मोठा करून तू पडद्याशी नाक नेलंस, "आयला" म्हणालास आणि बाईंसमोर म्हणालास म्हणून जीभ चावलीस. "चार डोळं दिसत्यात आन चारी डोळ्यांत बांगडी. चुडा भरला का काय तुमी ह्याला?"

खरंच. कोळ्याच्या प्रत्येक डोळ्यात एक पांढरं गोल कडं होतं. फ्लॅशचं प्रतिबिंब. मी तेच बघत होते आणि मला दिसत नव्हतं. तुला लेखातलं वाक्य वाचून दाखवलं, सर्वांत सोयीचा वगैरे.

"सोयीचा असंल की. पण नवरीला कोणी चारी बाजूंनी उजेड मारतं व्हय? नाकच जातं तिचं. पार भाकरी व्हती तोंडाची."

"अरे, ही नवरी नाही."

"मंग नवरदेव धरा. नाक त्यालाबी लागतं."

मग तू खणातून तुझा जुना फ्लॅश काढलास. लग्नातला साधाच, पिवळट पडलेला, एका बाजूला चिकटपट्टी. म्हणालास, आता ह्याला कोणी विचारत नाही, सगळे एलईडीचे दिवे घेऊन फिरतात, तुम्ही न्या. मी म्हटलं, हा इतका लांबून किड्यावर सावली पाडेल. तू म्हणालास, पाडू द्या, आपण पडवी करू. दुसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर बसून तू ती केलीस. द्राक्षाच्या निर्यातीच्या पेटीत तळाला घालतात तो पांढरा फोमचा कागद, त्याला आतून चहाच्या पुड्याची चंदेरी बाजू, आणि कडेला सायकलची तार. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश, आणि त्याच्यापासून लेन्सच्या टोकापर्यंत उतरत आलेलं फोमचं छप्पर. "आता बघा," तू म्हणालास. "उजेडाचं तोंड जेवढं मोठं, सावली तेवढी मऊ. मुंगीला एवढा फोम म्हंजी आभाळ भरून आल्यागत."

ते मी वहीत लिहून घेतलं. तू हसलास. "बाई, तुमी लिहून घ्यायलाय माझ्याकडून. दहावीच्या पोरांना बोलवू का बघायला?"

मला वाटलं होतं, झालं, आता शेतात जायचं. पण पहिले दोन महिने तू मला किड्याजवळ फिरकूच दिलं नाहीस. "आधी माणूस शिका. माणूस बसवता येतो. किडा बसवता येत न्हाई." लग्नतिथी नसेल त्या दिवशी तू यायचास, ओसरीच्या पायरीवर बसायचास आणि म्हणायचास, मारा. मी मारायचे. फ्लॅश उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून. फोमसकट, फोमशिवाय. पूर्ण ताकदीने, अर्ध्या, सोळाव्या भागाने. खालून उजेड मारला तेव्हा तू भुतासारखा आलास आणि खूश झालास, आणखी चार काढायला लावलेस, प्रत्येकात नवं तोंड करून. नाकाच्या शेंड्यावर जास्वंदीचं पान ठेवून बसलास, म्हणालास, आता मी झाड हाये, माझ्यावरचा मावा शोधा. एकदा फोटोवर आडवा काळा पट्टा आला आणि मी घाबरले, कॅमेरा बिघडला म्हणून. तू नुसता शटरच्या वेगाचा आकडा बघितलास. "दोनशेच्या वर कशाला गेला? आतला पडदा फ्लॅशच्या आडवा आला. लई घाई बाई तुमाला." मागचं सगळं अंगण अमावास्येसारखं काळं यायचं तेव्हा तू मागे केळीचं पान धरायला शिकवलंस, लग्नात नवरा-नवरीच्या मागे पडदा असतो तसं.

पन्नास काय, दोनशे काय, तुझे किती फोटो मी काढले असतील ते मी मोजलं नाही. त्यांना आपण "टेस्ट" म्हणायचो. आणि टेस्ट झाली की मी ते पुसायचे.

इरा, नील, ही माझी सवय तुमच्या बाबाला चांगली माहीत आहे. तीस वर्षं मी वर्गातून निघताना फळा पुसून निघाले. पुढच्या तासाच्या शिक्षकाला स्वच्छ फळा मिळाला पाहिजे, हे मला माझ्या बाईंनी शिकवलं होतं आणि मी ते पाळलं. कॅमेरा हातात आल्यावर मी तेच केलं. रोज संध्याकाळी चहा घेऊन बसायचं, दिवसाचे फोटो बघायचे, त्यांतून शिकायचं ते वहीत उतरवायचं आणि बाकीचं पुसून कार्ड रिकामं करायचं. कोणत्या अंतरावर किती ताकद, सावली कुठे पडली, चूक काय झाली, सगळं वहीत. माझ्या वहीत आजही तुझ्या चेहऱ्यावरच्या उजेडाचे आकडे आहेत. चेहरा नाही.

यावरून आपली भांडणं व्हायची. तू म्हणायचास, खराब फोटो लगेच पुसायचा नसतो, महिन्याने बघायचा, तेव्हा कळतं. मी म्हणायचे, मला आत्ताच कळलंय, वहीत आहे. एकदा तू चिडून म्हणालास, "शाळेत बी तेच. माझं निम्मं उतरवून व्हायच्या आत तुमी फळा पुसून मोकळ्या. मी शेजारच्याची वही बघून लिहायचो, तवर घंटा व्हायची."

मी म्हटलं, "मग हात वर करून सांगायचं नाहीस?"

"तुमाला? हात वर करून?" तू असं म्हणालास की मला हसू आलं. तूही हसलास. विषय तिथेच राहिला. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की दत्तू, माझं चुकलं. वर्गात साठ मुलं होती आणि माझं लक्ष जलद लिहिणाऱ्यांकडे असायचं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं, चहा घेतोस का?

आणि तो एक फोटो. त्या दिवशी कोंबडी तुझ्या पायावरून गेली आणि त्याच वेळी मी बटण दाबलं. तू डोळे मिटून मोठ्याने हसत होतास. उजेड डावीकडून वरून, फोममधून आलेला, कानाची सावली गालावर मऊ पडलेली. तू कॅमेरा मागून घेतलास आणि बराच वेळ बघत राहिलास.

"बाई, हा राहू द्या की. बरा आलोय मी."

"अरे, डोळे मिटलेत. शिवाय फोकस कानावर गेलाय."

"कान बी माझाच हाये."

"दुसरा काढू," मी म्हणाले आणि तुझ्यासमोर पुसला. पुन्हा पायरीवर बसलास, सरळ, गंभीर तोंड करून. तो दुसरा चांगला आला होता, डोळे उघडे, फोकस डोळ्यांवर. संध्याकाळी तोही पुसला, कारण टेस्टच होती.

त्यानंतर आपण किड्यांकडे गेलो, आणि ते दिवस फार चांगले गेले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सकाळी दंव असताना निघायचं. किडे गारठलेले असतात, हलत नाहीत. तू पुढे वाकून बोटाने दाखवायचास आणि कुजबुजायचास, जसा मंडपात कुजबुजत असशील. नाकतोड्याला "हनुवटी जरा खाली, पावणं," म्हणायचास. चतुराच्या पंखांवरच्या रेषा मोजत आपण बांधावर बसलो होतो, माझे गुडघे आखडले आणि तू मला हाताला धरून उठवलंस. बाभळीवरचं सोनपाखरू मिळालं त्या दिवशी तू आळेफाट्याला जाऊन पेढे आणलेस. तो उड्या मारणारा कोळीसुद्धा शेवटी मिळाला, टोमॅटोच्या पानावर, तोंडात माशी धरलेला. चारही डोळ्यांत बांगडी नाही, फक्त एक मऊ पांढरा चौकोन, खिडकीतून उजेड यावा तसा. इराने तो शाळेत नेऊन दाखवला. मी तुला सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "लायटिंगबद्दल काय म्हणल्या त्यांच्या बाई?" त्यांच्या बाई लायटिंगबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या. मी तुला सांगितलं, छान म्हणाल्या. हेही खोटं तुला आता कळू दे.

गेलास त्या दिवशी तू सकाळी अंगणात गाडी पुसत होतास आणि खाली बसलास. तेवढंच मला ठाऊक आहे. तेवढं पुरे आहे.

चौथ्या दिवशी मंगलचा फोन आला. इरा, नील, मंगल म्हणजे दत्तूकाकांची बायको. आवाज बसला होता. "बाई, तुमच्याकडं यांचा एखादा चांगला फोटू असंल ना? दहाव्याला लावायला. घरात शोध शोध शोधला. मोबाईलमधी दोन हाईत, येकात हेल्मेट, दुसऱ्यात निम्मं तोंड पुतण्याच्या मागं. लग्नातला हाये तो पंचवीस वर्सांमागला. तो लावला तर लोक वळखायचे न्हाईत."

मी म्हणाले, "बघते."

त्या "बघते"वर मी पाच दिवस काढले. खरं तर तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, कुठेतरी एक राहिला असेल. मी कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं, एकेक फोल्डर उघडलं. मुंग्या. मावा. चतुर. नाकतोडा. सगळे नीट नावं घालून, तारखेवार लावलेले. तू कुठेच नव्हतास. माझ्या मुलाने कॅनडातून एक प्रोग्राम पाठवला, पुसलेलं परत आणणारा. तो दिवसभर चालला. काही परत आलं: माझ्या चपलेचा फोटो, जास्वंदीच्या पानाची अर्धी कड, एक पूर्ण काळी चौकट. कार्ड इतक्या वेळा भरून रिकामं केलेलं की खाली काहीच उरलं नव्हतं. दोन फोटोंत कडेला तुझा अंगठा आहे, पान धरून ठेवलेला. सोनपाखराच्या चकचकीत पाठीवर आपल्या फोमचा पांढरा चौकोन उमटला आहे आणि त्याच्या मागे एक काळपट ठिपका. तो तू आहेस असं मला वाटलं. मोठा करत गेले. शेवटी नुसते चौकोनच राहिले, राखी रंगाचे. अंगठा फ्लेक्सवर लावता येत नाही. नवव्या दिवशी मी मंगलला कळवलं, नाही सापडला. ती म्हणाली, "असू द्या, फ्लेक्सवाला कार्डावरून करतो म्हणलाय."

सापडला नाही, असं मी म्हणाले. हरवलेल्या वस्तूबद्दल बोलतात तसं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. परवा मी तिच्याकडे गेले. तुझा फ्लॅश परत द्यायचा होता, तो कॅमेऱ्यावर बसवलेलाच होता, तसाच पिशवीत घातला. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. मंगल उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. मी शेजारी बसले आणि ठरवलेलं काहीच बोलले नाही.

"मंगल, माझ्याकडे त्याचे फोटो होते."

"व्हय, तुमी बघते म्हणला व्हता. न्हाई सापडलं. जाऊ द्या बाई."

"सापडले नाहीत असं नाही. मी पुसले. दोन महिने काढत होते आणि रोज संध्याकाळी पुसत होते."

ती सोलायची थांबली नाही. "किती असत्याल?"

"दोनशे. जास्तच."

"दोनशे," ती म्हणाली. तीन-चार पाकळ्या सोलून झाल्या. "आन येकबी ठिवला न्हाई."

"नाही."

"ते म्हणलं न्हाईत, ठिवा म्हणून?"

हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. तू काही सांगायला येणार नव्हतास.

"म्हणाला होता," मी म्हणाले. "एकदा."

तिने ताट बाजूला सरकवलं. आता उठा म्हणेल असं मला वाटलं, आणि मी उठलेही असते. ती म्हणाली, "लई वाईट केलं बाई तुमी."

"हो."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग तिने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे वळून बसली.

"कसे व्हते, सांगा."

"काय?"

"फोटू. पयल्यापासनं सांगा."

मी सांगितले. क्रमाने सांगायची मला सवय आहे आणि आकडे पाठ होते, त्यामुळे एकेक आठवत गेला. पहिला, निम्मा चेहरा अंधारात. दुसरा, फार पांढरा, कपाळ उडालेलं. तिसऱ्यात तू माझ्या मागे कुणालातरी बघत होतास. खालून उजेड मारलेले भुताचे पाच. ती मधेच अडवायची. कोणता शर्ट? चौकडीचा. निळा? निळा. "त्याची कोपरापाशी शिवण उसवल्याली," ती म्हणाली. मी म्हटलं, तेवढं फोटोत आलं नव्हतं. नाकावर पान ठेवलेला सांगितला तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. शेवटी कोंबडीचा सांगितला.

"हसत व्हते? दात दिसत व्हते?"

"सगळे."

"घरात फोटू काढायचा म्हणलं की तोंड मिटून बसायचे. पुढचा दात काळा पडलाय म्हणून. मला बी माहीत नव्हतं, तुमच्याकडं दात दाखवून बसत्यात ते." मग ती पुन्हा म्हणाली, "लई वाईट केलं," पण आता ते तिने स्वतःशीच म्हटल्यासारखं होतं. तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तिने चहा केला. मी घेतला.

कप ठेवताना तिचं लक्ष पिशवीकडे गेलं.

"कॅमेरा आणलाय व्हय? माझा काढा येक."

"तुझा?"

"माझा येकटीचा येकबी फोटू न्हाई. जल्मभर लोकांची लग्नं केली यांनी, माझा काढायचा राहिला. उद्याच्याला पोरांनी कुठं हुडकायचा?"

मी कॅमेरा काढला. फ्लॅशमध्ये नवे सेल घातले. माणसांचा फोटो मी तुझ्यानंतर कोणाचाच काढला नव्हता. मंगल दाराच्या चौकटीला टेकून बसली, पदर सारखा केला. हात सवयीने कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आला. मी उजेड डावीकडून वर घेतला, ताकद सोळाव्या भागावर आणली, मागे काय दिसतं ते बघितलं. दाबलं. तिने डोळे मिटले. पुन्हा दाबलं, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदाही.

"तुमी मोजाना का, बाई," ती म्हणाली. "हे मोजायचे. येक, दोन, तीन म्हणायचे आन दोनावरच मारायचे. मंग डोळं मिटत न्हाईत."

मला हे तू कधी सांगितलं नव्हतंस. आपल्या किड्यांना त्याची गरज पडली नव्हती.

मी एक म्हटलं, दोन म्हटलं आणि बटण दाबलं. तीन मंगलच म्हणाली, उजेड पडून गेल्यावर.